व्हीएमचं नेट मधेच जाते अन् मधेच येते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, अकोला, पार गडचिरोलीकडूनही एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येऊन राहिला. कोणी आयटीआय-पॉलिटेक्निकचं पोरगं असते, व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स शिकणारं, कोणी सेवा केंद्रवाला ज्यानं जुनी विंडोज ७ व्हीएममध्ये जपून ठेवली आहे, कोणी जिनिंगमधला वजनकाट्यावाला. सगळ्यांचं दुखणं सारखं, नेट पूर्ण बंद नाही, पण भरवसा नाही. म्हणून परत परत आलेले प्रश्न इथं एकत्र टाकले. व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, सॉफ्टवेअरनं बनवलेला कॉम्प्युटर; व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही ही तो चालवणारी सॉफ्टवेअरं. होस्ट म्हणजे तुमचा खरा लॅपटॉप किंवा पीसी, अन् गेस्ट म्हणजे त्याच्या पोटात चालणारी व्हीएम. कमांडा फोनवर सांगतो तशा लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजीत करा.

१. भाऊ, नेट मधेच जाते म्हणजे नेमकं तुटते कुठं?

व्हीएममधून निघालेलं पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) चार टप्पे ओलांडते. गेस्टमधलं नकली नेटवर्क कार्ड, मग सॉफ्टवेअरनं बनवलेला व्हर्च्युअल स्विच किंवा नॅट (व्हीएमला होस्टच्याच पत्त्यामागून नेट देणारी सोय), मग होस्टचं खरं कार्ड (वायफाय नाहीतर केबल), अन् शेवटी राउटर व त्याच्या पुढची कंपनीची लाइन. यातला कोणताही जोड ढिला झाला तरी व्हीएमच्या स्क्रीनवर एकच दिसते, "नो इंटरनेट". मोटर चालू आहे पण धुऱ्यापर्यंत पाणी नाही आलं तर आपण मोटर खोलून बसत नाही, पाइप धरून चालत जातो अन् कुठं सुटला ते पाहतो. इथंही तसंच करायचं. बहुतेक लोक पहिल्याच झटक्यात व्हीएमच्या सेटिंगमध्ये हात घालतात, दहा गोष्टी एकदम बदलतात अन् मग मूळ दुखणं कोणतं अन् आपण नवं कोणतं लावून घेतलं हेच कळत नाही.

२. मग सगळ्यात आधी काय तपासायचं?

तीन पिंग (समोरच्या पत्त्याकडून उत्तर येते का ते पाहणारी कमांड) एकाच वेळी चालू ठेवा. पहिली होस्टवरून राउटरला, घरी बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असते. दुसरी होस्टवरून बाहेर, ८.८.८.८ ला. तिसरी व्हीएममधून त्याच ८.८.८.८ ला. विंडोजवर "पिंग मायनस टी" लावलं की थांबवेपर्यंत चालत राहते, लिनक्सवर साधं पिंगच थांबत नाही. तिन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा, जवळ वही ठेवा अन् तुटलं की घड्याळातली वेळ लिहा. वेळ लिहायचा कंटाळा करू नका, खाली अर्धे प्रश्न त्या वेळेवरूनच सुटतात.

आता वाचायचं कसं. राउटरची पिंगच तुटली तर वायफाय, केबल, स्विच किंवा राउटर दोषी आहे, व्हीएमचा काही संबंध नाही. राउटर बरोबर उत्तर देते पण बाहेरच्या दोन्ही पिंग एकदम तुटतात, तर लाइनच गेली, कंपनीला फोन लावा. होस्टच्या दोन्ही सुरळीत अन् फक्त व्हीएमची तुटली तर मात्र व्हीएमच्या बाजूला बघा. अन् तिन्ही चालू असताना साइट उघडत नसेल तर प्र. ३ अन् प्र. ९ वाचा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये गेस्टला साधारण १०.०.२.१५ हा आयपी (नेटवरचा पत्ता) मिळतो अन् गेटवे (बाहेर जायचं दार) १०.०.२.२ असतो. त्या १०.०.२.२ ला पिंग मारली तर उत्तर व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच देते, तुमचा राउटर नाही. ती पिंग चालली म्हणून बाहेरचं नेट चालू आहे असं समजू नका, लय लोक इथंच फसतात.

३. पिंग तर चालू आहे, मग ब्राउझरमध्ये साइट काहून उघडत नाही?

आकड्याला पिंग जाते अन् नावाला जात नाही, म्हणजे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडा शोधून देणारी सेवा) अडकलं. लॅपटॉप सकाळी घरच्या वायफायवर असतो, दुपारी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, अन् व्हीएम मात्र सकाळचाच डीएनएस धरून बसते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सोपा उपाय आहे, डिव्हायसेस मेनूत नेटवर्क, तिथं कनेक्ट नेटवर्क अडॅप्टरची टिक काढा, पाच सेकंद थांबा, परत लावा. गेस्टला वाटते केबल काढून लावली अन् ती सगळं नव्यानं मागते. रोजच नेट बदलत असाल तर गेस्टमध्ये डीएनएस हातानं ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून द्या, पण ऑफिसच्या आतल्या नावाचं सर्व्हर वापरत असाल तर तसं करू नका, ते नाव बाहेरच्या डीएनएसला माहीतच नसते.

४. नॅट ठेवू का ब्रिज? कोणी काही सांगते, कोणी काही.

व्हीएममधून फक्त बाहेरचं नेट वापरायचं असेल तर नॅट. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून व्हीएममध्ये शिरायचं असेल तर ब्रिज (व्हीएम वेगळ्या कॉम्प्युटरसारखी थेट राउटरला जोडली जाते), पण ब्रिज शक्यतो केबलवरच.

वायफायवर ब्रिज काहून तुटते हे समजून घ्या म्हणजे पुन्हा विचारायची गरज पडणार नाही. वायफायचा राउटर ज्या कार्डानं पासवर्ड देऊन जोडणी केली त्याच्याच मॅक अ‍ॅड्रेसची पाकिटं घेतो. मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर. व्हीएमचा मॅक वेगळा, तो राउटरला अनोळखी. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स अन् व्हीएमवेअर मधल्या मधे मॅक बदलून होस्टचा लावतात, परत आलेलं पाकीट आयपी बघून व्हीएमला देतात. ही जुगत काही कार्डांवर मस्त चालते, काहींवर अडखळते, अन् काही राउटर एका मॅकवर दोन आयपी दिसले की गोंधळतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर ब्रिजचा हट्टच सोडा, नॅट लावा. बाहेरून व्हीएममध्ये यायचंच असेल तर नॅटमध्येच पोर्ट फॉरवर्डिंग (होस्टच्या एका पोर्टवर आलेलं व्हीएमकडे वळवणं) होते.

५. माझं नेट बरोबर ठराविक वेळानं जाते, घड्याळ लावल्यासारखं. असं काहून?

घड्याळासारखं जात असेल तर पहिला संशय डीएचसीपीवर (आपोआप आयपी वाटणारी सोय). राउटर तुम्हाला आयपी कायमचा देत नाही, काही वेळापुरता देतो, अन् तो अर्धा वेळ उलटला की व्हीएम मुदतवाढ मागते, नाही मिळाली तर ८७.५ टक्के वेळ झाल्यावर परत मागते, तरीही नाही मिळाली तर मुदत संपल्यावर आयपी सोडावा लागतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशनच्या नॅटमध्ये मूळ मुदत ३० मिनिटांची असते, लिनक्सवर व्हीएम चालवणाऱ्या लिबव्हर्टमध्ये १ तासाची. तुमच्या वहीतल्या वेळा या आकड्यांशी जुळल्या तर दुखणं सापडलं. विंडोज गेस्टमध्ये "आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल" केलं की मुदत कधी सुरू झाली अन् कधी संपणार दोन्ही दिसते.

दुसरी शक्यता अशी की व्हीएमला हातानं आयपी दिला अन् तोच आयपी राउटरच्या वाटपाच्या यादीतही आहे. घरातल्या कोणाचा मोबाइल आला, राउटरनं तोच आयपी त्याला दिला, झाली टक्कर. एका ताईंची व्हीएम रोज संध्याकाळी साडेसहालाच तुटायची अन् कारण एवढंच की तेव्हा घरचे कामावरून परत यायचे अन् त्यांचे फोन वायफायला लागायचे. राउटरची वाटपाची यादी १०० ते २०० ठेवा अन् हातानं दिलेले आयपी त्याच्या बाहेरचे द्या.

६. दोन व्हीएम आहेत, एकीचं नेट चालू झालं की दुसरीचं बंद होते. दोन्ही एकदम काहून नाही चालत?

मॅक सारखा आहे, पाहून घ्या. एका लॅबमध्ये मी हे समोर पाहिलं. सरांनी एक तयार व्हीएम बनवली, फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं अन् बारा पोरांच्या लॅपटॉपवर जसंच्या तसं उतरवलं, सगळे एकाच राउटरवर ब्रिजमध्ये. व्हर्च्युअलबॉक्सचा मॅक ०८:००:२७ नं सुरू होतो, तो सगळ्यांचा असतोच, पण इथं पुढचे सहा आकडेही बाराच्या बारा व्हीएमला सारखे. राउटर बिचारा एकाच नावाच्या बारा माणसांना हाक मारून राहिला होता, ज्यानं शेवटी ओ दिली त्याला पाकीट. पोरांना वाटलं लाइन स्लो आहे. प्रत्येकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड उघडून मॅकच्या शेजारचं गोल बाणाचं बटण दाबलं, नवा मॅक झाला, दहा मिनिटांत सगळे चालू.

क्लोन (व्हीएमची नक्कल) करताना "सगळ्या कार्डांसाठी नवा मॅक" हा पर्याय निवडा, फोल्डर कॉपी करून क्लोन करू नका.

इथंच एक अवघड अपवाद आहे. उबंटू १८.०४ पासूनच्या सर्व्हरमध्ये मॅक वेगळा करूनही दोन क्लोनना एकच आयपी मिळतो, कारण ते डीएचसीपीकडे ओळख म्हणून मॅक नाही, मशीन आयडी वापरून बनवलेला नंबर सांगतात अन् क्लोनमध्ये तो सारखाच उतरतो. क्लोन करायच्या आधी मूळ व्हीएममधली ईटीसी फोल्डरातली मशीन-आयडी फाइल रिकामी करा (पुसू नका, रिकामी करा), पुढच्या बूटला नवी बनते. नाहीतर नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये डीएचसीपी आयडेंटिफायर "मॅक" करून टाका.

७. चहा प्यायला जाऊन आलो की व्हीएम नेटवरून गेलेली असते.

होस्ट झोपत असेल. लॅपटॉपचं झाकण, स्लीपची वेळ, अन् डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या" ही टिक, तिन्ही पाहा. बॅटरीवर चालताना वायफाय कार्ड जास्त आळशी होते, म्हणून लाइट गेल्यावरच तुटत असेल तर ती टिक पहिले काढा. अन् लोक विसरतात ते हे की गेस्टमधल्या विंडोजलाही स्वतःची स्लीप असते. होस्ट टक्क जागा अन् आतली विंडोज झोपलेली, तीही बंद करा.

८. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर आहे, यूपीएस आहे, तरी दिवसातून पाच-सहा वेळा व्हीएमचं नेट जाते. दोष कोणाचा?

मी याचं उत्तर शिकलो एका जिनिंगमध्ये. कापसाचा सीझन भरात, बाहेर कास्तकारांच्या बंड्या-ट्रॅक्टरची रांग, अन् वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर एक्सपीच्या व्हीएममध्ये, त्याचा डेटा ऑफिसच्या पीसीवर. दिवसातून कितीकदा तरी सॉफ्टवेअर अडकायचं, बंद करून परत उघडावं लागायचं, तोवर एक बंडी काट्यावर उभी. मी दोनदा व्हीएम नवी टाकून दिली, काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी स्टूल घेऊन तिथंच बसलो, तीन पिंग लावून. दुपारी प्रेसची मोटर सुरू झाली, बल्ब क्षणभर पिवळा पडला, अन् भिंतीवरच्या पाच पोर्टच्या छोट्या स्विचचे सगळे दिवे एकदम लागले अन् विझले. लॅपटॉप बॅटरीवर, ऑफिसचा पीसी अन् राउटर यूपीएसवर, फक्त मधला स्विच सरळ लाइनवर होता. व्होल्टेज पडलं की तो दोन-तीन सेकंद रीस्टार्ट व्हायचा, होस्टची केबल निघाल्यासारखी व्हायची अन् ब्रिजमधल्या व्हीएमचीही. नेट तीन सेकंदांत परत यायचं, पण त्या जुन्या सॉफ्टवेअरला तुटलेली जोडणी पुन्हा जोडता येत नव्हती. स्विचचं अडॅप्टर यूपीएसला लावलं, त्या सीझनमध्ये परत फोन आला नाही.

म्हणून वाटेतली एक-एक वस्तू मोजा, फायबरचा डबा, राउटर, स्विच, सगळं यूपीएसवर आहे का. एकही लाइनवर राहिला तर बाकीच्यांचं यूपीएस वाया. अन् मे महिन्यात ४५ अंशात टिनाच्या भिंतीला ठोकलेला राउटर दुपारी अडखळतो, त्याला सावलीत अन् हवेशीर जागी हलवा.

एक्सपीबद्दल एक कळकळीनं सांगतो, तिचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ मध्येच थांबवला आहे. काट्यासाठी लागतच असेल तर तिला होस्ट-ओन्ली (फक्त होस्टशी बोलणाऱ्या) नेटवर्कवर अन् होस्टच्या शेअर्ड फोल्डरवर भागवता येते का ते पाहा, बाहेरचं इंटरनेट तिला देऊ नका.

९. छोटं पान उघडते, मेसेज जाते, पण मोठी फाइल चढवली की अटकून बसते. हे कसलं तुटणं?

एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल मर्यादा. इथरनेटवर ती १५०० बाइट, पण गावातल्या पुष्कळ फायबर जोडण्या पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडायची पद्धत) चालतात, त्यात ८ बाइट खर्च होऊन १४९२ उरतात, वरून व्हीपीएन असेल तर आणखी कमी. मोठं पाकीट वाटेत अडलं अन् "लहान करून पाठव" हा निरोप परत आला नाही तर जोडणी चालू दिसते पण पुढं सरकत नाही. तपासायला विंडोजमध्ये "पिंग मायनस एफ मायनस एल १४७२" अन् पुढं पत्ता. १४७२ मध्ये २८ बाइट हेडरचे मिळवले की १५०० होतात. ते गेलं नाही अन् १४६४ गेलं, तर तुमची मर्यादा १४९२. गेस्टच्या कार्डाचा एमटीयू तेवढा करा, व्हीपीएन वापरत असाल तर १४०० करून पाहा. ही चाचणी आधी होस्टवरून करा, कारण व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमधून पिंगला मर्यादा आहेत अन् आकडा चुकीचा येऊ शकते.

१०. क्लाउडवर व्हीएम घेतली आहे, एसएसएच (दूरच्या मशीनवर कमांडा चालवायची जोडणी) मधेच थिजते, काही टाइप होत नाही. व्हीएम खराब आहे का?

व्हीएम बहुतेक ठणठणीत असते. तुम्ही वाचत बसलात, काही टाइप केलं नाही, तेवढ्यात मधल्या कोणत्या तरी नॅटनं तुमच्या जोडणीची नोंद पुसली. मोबाइल नेटवर हजारो लोक एकाच बाहेरच्या आयपीमागं असतात, तुमच्या फोनला १००.६४ च्या आसपासचा पत्ता दिसला तर तुम्ही त्यातलेच. गप्प बसलेली जोडणी पुसायची मूळ मर्यादा अझुरच्या (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) लोड बॅलन्सरमध्ये ४ मिनिटं, एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनचा क्लाउड) नॅट गेटवेमध्ये ३५० सेकंद. अन् लिनक्सचा स्वतःचा टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते विचारणारा निरोप) २ तासांनी जागा होते, तोवर सगळं संपलेलं. तुमच्या बाजूच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये "सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल ६०" टाका, दर मिनिटाला एक छोटा ठोका जातो अन् नोंद जिवंत राहते. लांब चालणारं काम टीमक्समध्ये करा, जोडणी गेली तरी काम चालू राहते.

११. व्हीएममध्ये कार्ड कोणतं निवडू, ई-१००० का व्हर्टआयओ?

ई-१००० ही इंटेलच्या खऱ्या कार्डाची नक्कल, व्हर्टआयओ हे खास व्हीएमसाठी बनवलेलं कार्ड. लिनक्स गेस्टला व्हर्टआयओ डोळे झाकून. विंडोज गेस्टला व्हर्टआयओचं ड्रायव्हर आधी टाकावं लागते. व्हीएमवेअरमध्ये व्हीएमएक्सनेट ३, व्हीएमवेअर टूल्ससह. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपीला इंटेल प्रो १००० टी सर्व्हर, ते वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखते.

प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवायला बनवलेलं लिनक्स) किंवा साध्या लिनक्स होस्टवर इंटेलचं ई-१०००-ई ड्रायव्हरवालं खरं कार्ड असेल अन् लोड वाढला की सगळ्याच व्हीएम एकदम जात असतील तर होस्टवर "डीमेसेज" चालवा. तिथं "डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग" दिसलं तर ईथटूलनं टीएसओ अन् जीएसओ हे दोन ऑफलोड (पाकिटं तोडायचं काम पुढं ढकलणाऱ्या सोयी) बंद करा. हायपर-व्हीमध्ये काही जुन्या १ गिगाबिट ब्रॉडकॉम कार्डांवर व्हीएमक्यू (व्हीएमची पाकिटं कार्डातच वेगळी करणारी सोय) बंद केल्यानं असाच फरक पडते.

१२. नेट जाते तेव्हा माउसही अडकते, मग हे नेटचंच आहे का?

नाही. रॅम संपली. ८ जीबीच्या लॅपटॉपवर व्हीएमला ६ जीबी दिले अन् वरून क्रोम उघडलं तर होस्ट डिस्कवर लिहायला लागते अन् व्हीएम काही सेकंद गोठते. पिंगमध्ये त्याची खूण अशी की पाकिटं हरवत नाहीत, उशिरा येतात, १ मिलीसेकंदाचं एकदम ३००० होते. व्हीएमला निम्म्यापेक्षा जास्त रॅम देऊ नका.

१३. हायपर-व्हीमध्ये लॅपटॉप रीस्टार्ट केला की व्हीएमचा आयपी काहून बदलते?

डिफॉल्ट स्विचची रीतच तशी आहे, होस्ट रीस्टार्ट झाला की तो आपली आयपीची पट्टी बदलू शकतो. त्याच्यावर हातानं आयपी दिलेला टिकत नाही. पक्का आयपी हवा असेल तर वेगळा इंटर्नल स्विच बनवा अन् पॉवरशेलमधून त्याला स्वतःचं नॅट द्या.

१४. सगळं नीट होतं, लिनक्स होस्टवर डॉकर टाकलं अन् ब्रिजमधल्या व्हीएम मेल्या.

डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) सुरू होताना फायरवॉलची फॉरवर्ड साखळी "ड्रॉप" करते, अन् ब्रिजची पाकिटंही त्या फायरवॉलमधून जात असतील तर तुमच्या व्हीएमची पाकिटंही तिथंच पडतात. डॉकर-युझर साखळीत तुमच्या ब्रिजला परवानगी द्या. रीबूटनंतर कधी डॉकर आधी उठते, कधी ब्रिज, म्हणून हे कधी चालते कधी नाही असं वाटते, अन् माणूस चक्रावतो.

१५. स्नॅपशॉटवर परत गेलो की नेट अर्धवट चालते.

जुन्या स्नॅपशॉटमधल्या (व्हीएमची जपून ठेवलेली स्थिती) व्हीएमला वाटते आपला तेव्हाचा आयपी अजून आपलाच आहे, इकडं राउटरनं तो दुसऱ्याला देऊन टाकला. "आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज", मग "रिन्यू". घड्याळही मागं असते, त्यामुळं पिंग चालते पण सुरक्षित साइटी सर्टिफिकेटची तक्रार करतात. तारीख-वेळ आधी नीट करा. आयपीच्या टक्करचं बाकीचं प्र. ५ मध्ये आहे.

१६. इतकं करून नाही जमलं तर व्हीएम पुसून नवी टाकू का?

थांबा. त्यात डिजिटल सही, टॅलीचा डेटा, पोराचा वर्षभराचा प्रोजेक्ट असेल तर आधी व्हीएम बंद करून अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. दुखणं होस्टमध्ये किंवा स्विचमध्ये असेल तर नव्या व्हीएमलाही तेच होणार. त्याऐवजी त्याच होस्टवर एक कोरी लिनक्स व्हीएम तासभर नॅटवर चालवून पिंग लावा. तीही तुटली तर जुन्या व्हीएमला हात लावायचं काम नाही.

१७. तुम्हाला विचारताना काय-काय पाठवू?

"नेट जाऊन राहिलं" एवढंच नका पाठवू. होस्ट कोणता अन् रॅम किती, व्हर्च्युअलबॉक्स का व्हीएमवेअर का हायपर-व्ही अन् त्याचं व्हर्जन, नॅट का ब्रिज, वायफाय का केबल का हॉटस्पॉट, अन् प्र. २ मधल्या तिन्ही पिंगचा तुटला त्या क्षणाचा फोटो, वेळेसह. मोबाइलनं स्क्रीनचा काढलेला फोटो चालते. वहीचं पान असेल तर तेही पाठवजा.